बांधावर जे उरतं, त्याचं पोरं खेळणं करतात



आजची नोंद पिकाची नाही. लावणी उरकली, खताचा पहिला हप्ता पडला, पाऊस लागून राहिलाय, म्हणून जरा बसून लिहितोय. विषय आहे पोरांच्या खेळण्यांचा. दुकानातल्या नाही, पोरांनी स्वतःच्या डोक्यानं केलेल्या. शेतीच्या पानावर हे कशाला, असं कुणी विचारेल. शेवटपर्यंत वाचा, संबंध शेतीशीच आहे आणि आपल्या घरातल्या लेकरांशीही आहे.

उल्हास नदीच्या या पट्ट्यात बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर रेल्वेनं अगदी हाकेच्या अंतरावर. पण तिघांचा इतिहास वेगळा. बदलापूरच्या अंगाला भातशेती, अंबरनाथला कारखाने, उल्हासनगरला फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी. तिन्हीकडं पोरं खेळायची, आणि तिन्हीकडं खेळणी वेगळी. का? तर पोरगं खेळणं करायला सामान विकत आणत नाही. मोठ्यांच्या कामातून जे उरतं, जे फेकलं जातं, त्याचंच ते करतं. म्हणून खेळणं बघितलं की त्या गावात तेव्हा काय काम चालायचं ते कळतं. हे माझं आजचं म्हणणं.

आधी शेतातली खेळणी

आमच्याकडं खेळण्यांचं पण पिकासारखं वेळापत्रक होतं.

जूनमध्ये कोयीची पिपाणी. उन्हाळ्यात खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी उकिरड्यावर पडलेल्या असायच्या. दोन पाऊस झाले की त्या रुजायच्या. कोंब आलेली कोय उपटायची, वरचं कवच काढायचं, आतल्या गराचं एक टोक दगडावर पाणी टाकून घासायचं. घासता घासता दोन दळांच्या मधली फट उघडी पडते. त्यात फुंकलं की पिपाणी वाजते. कच्ची कोय वाजत नाही, फार जुनी झालेलीही वाजत नाही. कोणती घ्यायची हे पोरांना हाताला कळायचं.

आता गंमत बघा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, आणि आंब्याचं कोय कलम कोकणात घरोघर पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्या कलमाला कोय कशी लागते? रुजून दहा-पंधरा दिवसांची, पानं अजून तांबूस असलेली. म्हणजे पिपाणीसाठी पोरगं ज्या दिवसांत कोय शोधत फिरतं, साधारण त्याच दिवसांत कलमवालाही फिरतो. पिपाणी वाजवलेल्या पोराला कोयीचं वय वेगळं शिकवावं लागत नाही.

पावसाळ्यात कळकाच्या बारीक पेराची बंदूक. दोन्ही तोंडांना कोवळ्या फळाची नाहीतर ओल्या कागदाची गोळी घट्ट बसवायची आणि मागच्या गोळीला काठीनं रेटायचं. मधली हवा दाबली जाते आणि पुढची गोळी फट्कन उडते. पाठीवरच्या पंपात आपण दांडा हलवून हवा दाबतो ते हेच. हे काही पुस्तकात वाचून केलेलं नव्हतं.

दिवाळीला किल्ला. तोवर हळवं भात निघालेलं असायचं, खाचरातली चिकण माती मिळायची. दगड रचायचे, वर गोणपाट भिजवून टाकायचं, त्यावर माती लिंपायची आणि अळीव, मोहरी नाहीतर नाचणी पेरायची. चार-सहा दिवसांत किल्ला हिरवा. ज्याची माती नुसती चिकण त्याच्या किल्ल्याला भेगा पडायच्या, ज्यानं थोडी वाळू नि शेण मिसळलं त्याचा टिकायचा. पाणी जास्त झालं तर अळीव कुजायचा. मातीचा पोत आणि ओल यांचा पहिला धडा पोरांनी इथं घेतला. परीक्षा नाही, मार्क नाहीत.

घाटावर ज्वारीच्या ताटांच्या बैलगाड्या करतात. ताटाची साल सोलायची, आतला मऊ गाभा वेगळा काढायचा आणि गाभ्यात सालीची टोकं खुपसून गाडी जोडायची. बैल, जू, साटी सगळं त्यातच. आमच्याकडं ही गाडी नाही. कारण सरळ आहे. भाताची काडी पोकळ, तिला टोचून काही उभं राहत नाही. आमची पोरं चाकासाठी ताडगोळे काढून झालेल्या रिकाम्या फळाकडं वळायची. दोन फळं एका काठीच्या दोन टोकांना, मध्ये बेचक्याची लांब काठी, आणि ढकलत पळायचं. पीक बदललं की खेळणं बदलतं ते असं.

काड्यापेटीचं गाव

कल्याणहून खोपोलीच्या बाजूला जाणारी रेल्वे १८५६ सालीच आली. पुढं या रुळाच्या कडेनं कारखाने आले. १९२२ साली सरकारनं बाहेरून येणाऱ्या काड्यापेट्यांवर एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया कर लावला. तेव्हा बाहेरून माल आणण्यापेक्षा इथंच कारखाना काढलेला बरा, असा हिशोब स्वीडनच्या कंपनीनं केला आणि त्यातून विम्को उभी राहिली. तिचा कारखाना अंबरनाथला. शिप, होमलाइट्स ही नावं पन्नाशीच्या वरच्या सगळ्यांना आठवत असतील.

काडीला लाकूड लागतं मऊ, हलकं आणि सरळ रेषेचं. आपल्याकडं ते सावरीचं. शिमग्याला जिची लाल फुलं पडतात तीच काटेसावर. पेटीसुद्धा आधी लाकडाच्या पातळ पापुद्र्याची असायची, पुठ्ठ्याची नंतर आली.

आता रिकामी काडेपेटी पोरांच्या हातात पडली की तिचं काय व्हायचं ते मोजा. चार-पाच पेट्या दोऱ्यात ओवून आगगाडी. दोन पेट्या आणि मध्ये ताणलेला दोरा म्हणजे टेलिफोन. दोरा ढिला सोडला की आवाज जात नाही, हे पोरांनीच शोधलं. आतल्या खणाला शर्टाची बटणं लावून मोटार. पावसाळ्यात सोनकिडा ठेवायचं घर, आत पाला घालून. आणि सगळ्यात मोठा खेळ छापांचा. पेटीवरचं चित्र अलगद सोडवायचं, गठ्ठा करायचा, रिंगणात सगळ्यांनी सारखे छाप मांडायचे आणि लांबून चपट्या दगडानं उडवायचे. रिंगणाबाहेर जातील ते आपले. जो छाप सगळ्यांकडं असतो त्याची किंमत एक, क्वचित मिळणाऱ्याची दहा नाहीतर वीस. ही किंमत कुणा मोठ्या माणसानं ठरवली नव्हती. आवक जास्त तर भाव कमी, हा बाजार समितीचा नियम पोरं धुळीत बसून चालवायची.

काड्यांचा एक वेगळा उपयोगही सांगतो. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीचे इंजिनियर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादकडं खेड्यातल्या मुलांच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथं त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घर, मनोरे असे नमुने करायची पद्धत बसवली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच वाकडा होतो. गोठ्याच्या कैचीला तिरपी पट्टी का मारतात ते यातून एका मिनिटात कळतं. पुढं पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोरं जे आपोआप करतात त्याला त्यांनी शाळेत जागा दिली, असं मी समजतो.

कॅम्पातली पोरं

उल्हासनगरला आमच्याकडची जुनी माणसं अजून कॅम्पच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या गावांच्या जमिनीवर लष्कराची छावणी झाली, तो कल्याण कॅम्प. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून लाखभर माणसं या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हातून पायाभरणी झाली आणि नाव पडलं उल्हासनगर, आपल्या नदीवरून.

माझे आजोबा पेंढा आणि भाजी घेऊन बैलगाडीनं कॅम्पात जायचे. वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे, गाडीवर बसून सोबत. वडील सांगायचे, बराकीच्या पुढं पोरं विटी-दांडू खेळत होती, पण नाव काहीतरी वेगळंच घेत होती. सिंधीत त्याला इटी-डकर म्हणतात. वडिलांना सिंधी येत नव्हतं, त्या पोरांना मराठी येत नव्हतं. गाडी रिकामी होईपर्यंत डाव मात्र झाला. "आऊट कोण झाला ते दोघांनाबी कळायचं, तेवढं पुरं," असं म्हणायचे.

ती माणसं घरदार, शेतं सोडून आली होती, पण खेळ सोबत आला. त्याला गाठोडं लागत नाही, एक काठी पुरते.

आणि सिंध म्हणजे कुठला मुलूख? जिथं मोहेंजोदडो आहे. १९२२ पासून तिथं खोदकाम झालं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात भाजलेल्या मातीच्या बैलगाड्या, पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या, दोरी ओढली की मान हलवणारा बैल, दगडी गोट्या अशी खेळणी सापडली. काही कुंभारानं केली असतील, काही पोरांनी थापली असतील. पण माझ्या कामाची गोष्ट पुढंच आहे. त्या काळची खरी बैलगाडी लाकडाची, ती कधीच कुजून गेली. चाक भरीव होतं, साटी अशी होती, हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः त्या मातीच्या खेळण्यांवरून. मोठ्यांची गाडी गेली आणि पोरांची राहिली. सुरुवातीला म्हटलं की खेळण्यावरून गावचं काम कळतं, त्याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

शब्दसुद्धा उरलेलेच

पोरं नुसत्या वस्तूच उचलत नाहीत, शब्दही उचलतात. विटी-दांडूत आपण मोजायचो वकट, लेंड, मुंड, नाल. मराठीत हे आकडे कुठंच नाहीत. तेलुगूत मोजून बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कधीतरी दक्षिणेकडून हा खेळ नाहीतर खेळणारे इकडं आले आणि आकडे पोरांच्या तोंडात राहून गेले.

डबा ऐसपैस तसाच. लपलेला गडी दिसला की इंग्रज पोरं म्हणायची आय स्पाय, त्याचं आपल्या पोरांनी ऐसपैस केलं. आणि डबा कुठला, तर बहुतेक घरी डालड्याचा. डालडा बाजारात आला १९३७ ला. तूप परवडेना म्हणून घराघरात वनस्पती आलं, आणि रिकामा डबा गल्लीत आला.

कारखाने वाढले तशा अंबरनाथ-उल्हासनगरच्या पोरांच्या गाड्या बदलल्या. वर्कशॉपातून बाद झालेली बेअरिंगं फळीखाली ठोकून उतारावर बसून सुटायचं. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी आणि पेरूचं बेचकं म्हणजे गलोल. आमच्या गावात या दोन्ही गोष्टी कारखान्यात कामाला जाणाऱ्या माणसांच्या पिशवीतून आल्या.

नाव कुणाचं?

खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या यांचे नियम पुण्या-बडोद्याच्या जाणत्या लोकांनी बसवले, छापले. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे तर दहा खंड आहेत. पण कोयीची पिपाणी पहिल्यांदा कुणी वाजवली? ताडफळाचं चाक कुणाला सुचलं? त्याचं नाव कुठंच नाही.

अमेरिकेत १९६३ साली रॉबर्ट पॅच नावाच्या सहा वर्षांच्या पोराला खेळण्यातल्या ट्रकचं पेटंट मिळालं. सुटे भाग काढून तोच ट्रक वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडता यायचा. तिथं बापानं कागद केला म्हणून नाव राहिलं. आपल्याकडं मोठ्या माणसाचंसुद्धा राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडकी शेती, पण डोळा बारीक. पटेल-३ भातात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि एचएमटी वाण तयार केला. तो वाण देशभर विकला गेला, पैसा दुसऱ्यांनी कमावला. २०१८ ला दादाजी गेले ते हलाखीतच. शोध लावणाराकडं कागद नसला की असं होतं, मग तो शेतकरी असो की पोरगं.

आता आजची गोष्ट

पोरांनी खेळणी करणं सोडलं, सगळी मोबाईलमध्ये गेली, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. आजही करतात, फक्त सामान बदललंय. बदलापूरच्या आजूबाजूला भाताची खाचरं जाऊन इमारती उभ्या राहतायत. तिथं काम करणाऱ्यांची मुलं वाळूच्या ढिगावर पीव्हीसी पाईपच्या तुकड्यांचे नळ जोडतात. ठिबकच्या उरलेल्या नळीची फिरकी, थर्माकोलची बोट, बाटलीच्या झाकणांची चाकं. डोकं तेच आहे.

मागच्या खरिपात आमच्या पाणंदीत तीन पोरं एक ट्रक ओढत होती. झकास केला होता. प्लास्टिकचा कॅन आडवा कापून हौदा, चार झाकणांची चाकं, सायकलच्या तारेचा आस. जवळ जाऊन बघितलं तर कॅन कीटकनाशकाचा, लेबल तसंच, त्यावर लाल त्रिकोण. हौद्यात बोरं भरलेली. एक पोरगं ट्रकमधलं बोर उचलून खात होतं.

कॅन कुणाच्या बांधावरून आला ते विचारत बसलो नाही. आधी तिघांचे हात साबणानं धुतले, बोरं फेकली. घरून खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आणून दिला. ट्रकवाला तोंड पाडून म्हणाला, "काका, झाकणं पण द्या मंग. ह्याला एकच झाकण हाय." बरोबर बोलला. पाण्याच्या बाटल्यांची चार झाकणं शोधून दिली तेव्हा कुठं सौदा झाला.

मंडळी, पोरं आपल्या कामातून उरलेल्याची खेळणी करतात हे हजारो वर्षांचं आहे, ते थांबणार नाही आणि थांबूही नये. पूर्वी आपण बांधावर कोय टाकायचो, ताट टाकायचो, फुटकं कौल टाकायचो. आता काय टाकतो, ते आपल्या हातात आहे. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना धडधाकट माणसं दगावली, तिथं लेकराचं काय? म्हणून एवढं करा:

१. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे पण निर्धोक नाही.
२. औषध ओतून झालं की डबा तीन वेळा विसळा आणि ते पाणी पंपातच टाका. ओढ्यात, विहिरीजवळ नाही.
३. विसळलेल्या डब्याला भोकं पाडा नाहीतर ठेचा. आख्खा डबा म्हणजे पोरांना आयता ट्रक.
४. झाकणं आणि मापं वेगळी पडू देऊ नका. पोरी भातुकलीत त्याचे पेले करतात. भातुकली तोंडाला लागते.
५. डबे घरात, गोठ्यात साठवू नका, जाळू नका. तुमच्याकडं गोळा करायची सोय आहे का ते कृषी सहायकाला विचारा.
६. मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे पोरं फुंकतात, बिट्टीच्या बियांनी खेळतात, गुंजा ओवतात. या तिन्हींच्या बिया विषारी. खेळ बंद करायची गरज नाही, पण तोंडात घालायचं नाही हे दरवर्षी सांगायचं. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, म्हणून तिथं जास्त लक्ष.

आणि एक काम आनंदाचं. तुमच्या गावात पोरं काय-काय करायची, कशाचं करायची, त्याला काय म्हणायची, ते खाली लिहा. गाव, तालुका आणि कोणत्या महिन्यात, तेही. ज्या खेळण्याला तुमच्याकडं वेगळं नाव असेल ते तर नक्की. कळकाच्या बंदुकीलाच दर दहा मैलांवर नवं नाव निघेल बहुतेक. पावसाळा संपेपर्यंत जमेल तेवढी नावं एकत्र करून मी याच पानावर टाकतो, सांगणाऱ्याच्या नावासकट.

उद्यापासून पुन्हा भातावरच्या नोंदी. करप्याचे ठिपके दिसायला लागले असतील तर फोटो पाठवा, पानाची दोन्ही बाजू दिसेल असा.

रामराम.